रूम डिझाइन ॲपचं युजेबिलिटी टेस्टिंग: मोबाईल, टॅब, लॅपटॉप आणि शेवटी सुतारभाऊंचा फोन

रूम डिझाइनचं ॲप एकाच माणसाने एकाच फोनवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरलं, असं क्वचितच होतं. नागपुरात बेसा किंवा मनीषनगरात टू बीएचकेचा ताबा मिळालेलं कुटुंब डोळ्यांसमोर आणा. रिकाम्या फ्लॅटमध्ये उभं राहून मापं घेतली जातात ती कुणातरी एकाच्या मोबाईलवर. रात्री जेवणं आटोपली की तेच डिझाइन लॅपटॉपवर उघडतं, कारण सगळ्यांना एकत्र बसून बघायचं असतं. पुण्यातल्या लेकीला लिंक जाते, ती आयफोनवर उघडते. आणि काम सुरू व्हायच्या आधी आराखडा पोचतो सुतारभाऊंच्या फोनवर. यातल्या एकेका स्क्रीनवर ॲप झकास चालत असेल, तरी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना माप चुकलं तर कपाट कोनाड्यात बसत नाही, आणि मग प्लायही वाया जातो नि मजुरीही.

माझं म्हणणं एवढंच आहे की असं ॲप तपासताना स्क्रीन एकेक करून तपासू नका, तो सगळा प्रवास तपासा. आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये तीन-चार जणांची टीम चालवणाऱ्यांना, किंवा कॉलेजचा प्रोजेक्ट करणाऱ्यांना, फार खर्च न करता हे कसं करता येईल ते पुढे क्रमाने लिहिलं आहे.

आयएसओ ९२४१-११ हे आंतरराष्ट्रीय मानक युजेबिलिटी, म्हणजे वापरातली सोय, तीन गोष्टींवर मोजतं: काम पूर्ण होतं का, किती कष्टात होतं आणि करणारा समाधानी राहतो का. पण ही मोजणी ठरावीक माणसं, ठरावीक काम आणि ठरावीक परिस्थिती धरूनच करायची, असंही तेच मानक सांगतं. परिस्थितीचा हा भाग टीमच्या हातून सर्रास सुटतो. आपल्याकडे परिस्थिती म्हणजे मे महिन्यात ४५ अंशांवर गेलेला पारा, खिडकीत घोंघावणारा कूलर, चकचकीत टाइल्स आणि एका सोफ्यावर घरातल्या चौघांची चार मतं.

१. आधी प्रश्न लिहून काढा

"ॲप सोपं आहे का?" हा प्रश्न तपासता येत नाही. तपासता येतील असे प्रश्न वेगळे असतात. पहिल्यांदाच ॲप उघडणाऱ्याला स्वतःच्या बेडरूमचं माप मदतीशिवाय टाकता येतं का? मोबाईलवर भिंतीला टेकवलेला पलंग लॅपटॉपवर त्याच भिंतीला टेकलेला दिसतो का? सुताराला आराखड्यावरचे आकडे त्याच्या फोनवर वाचता येतात का? एका फेरीला असे तीन-चार प्रश्न पुरे झाले.

लोकांना बोलावण्याआधी सगळी कामं स्वतः सगळ्या डिव्हाइसवर एकदा करून बघा. ॲप बंद पडणं, लॉगिन न होणं, ओटीपी उशिरा येणं या गोष्टी तुमच्या तुम्हालाच सापडायला हव्यात. त्यासाठी एखाद्या काकूंचा तासभर खर्ची घालू नका.

२. डिव्हाइस निवडताना ऑफिसबाहेर बघा

टीमकडचे फोन नवे असतात, मेमरी भरपूर असते, वाय-फाय जोरात असतं. घरोघरी चित्र तसं नसतं. ॲप बाजारात असेल तर प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या गुगलच्या साइटवर, कोणते फोन आणि कोणत्या अँड्रॉइड आवृत्त्या जास्त आहेत ते बघून यादी करा. अजून आलेलं नसेल तर निदान पाच डिव्हाइस जमवा: तीन-चार जीबी रॅमचा, ७२० पिक्सेल रुंदीचा, काही वर्षं वापरलेला आणि फोटोंनी भरलेला अँड्रॉइड, मधल्या किमतीचा अँड्रॉइड, एक आयफोन, दहा इंची टॅब, आणि १३६६ बाय ७६८ स्क्रीनचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप. जुने फोन बर्डीतल्या मोबाईलच्या दुकानांत मिळतात. नाहीतर नातेवाइकांच्या कपाटात पडून असलेले मागून घ्या.

कॉम्प्युटरवर फोनची नक्कल करणारा एम्युलेटर मांडणी बघायला ठीक आहे. निकाल मात्र त्यावरून देऊ नका. माउसच्या टोकाने दाबणं आणि अंगठ्याने दाबणं यात फार फरक आहे, शिवाय एम्युलेटर तापतही नाही.

कॅमेऱ्यातून खोलीत फर्निचर दाखवायची सोय अँड्रॉइडवर बहुधा गुगलच्या एआरकोर या प्रणालीवर चालते, आणि एआरकोर गुगलने प्रमाणित केलेल्या फोनवरच मिळतं. तुमच्या यादीत ते नसलेला एक फोन मुद्दाम ठेवा. तिथे ते बटण दिसतं का, दाबल्यावर काय होतं आणि त्या माणसाला दुसरा रस्ता मिळतो का, हे बघायचं आहे.

एक सेटिंग मी वेगळं डिव्हाइसच धरतो: मोठा फॉन्ट. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर अक्षरं मोठी केलेली असतात, आणि अँड्रॉइड १४ पासून ती २०० टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात. तेव्हा मराठी बटणांची वेलांटी नि अनुस्वार वरून कापले जातात, उकार खालून. लांब शब्द दोन ओळींत मोडतो आणि शेजारचं बटण स्क्रीनबाहेर जातं. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की डिझायनर ओळीची उंची कधी कमी करत नाही.

३. माणसं किती आणि कोणती

पाच जण पुरे, हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉवर या संशोधकांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितातून ते आलं. एका माणसाच्या चाचणीत सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात असं धरलं, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात. पण हे एका प्रकारच्या वापरकर्त्यांपुरतं आहे. एखादी अडचण दहापैकी एकालाच येत असेल, तर ती पाच जणांत दिसण्याची शक्यता जेमतेम ४१ टक्के. फक्त जुन्या फोनवर येणारी अडचण अशीच असते. पाचांपैकी एकाकडेच जुना फोन असेल तर तुमची भिस्त नशिबावरच उरते.

म्हणून गट पाडा. घर सजवणारे सहा ते आठ जण घ्या आणि त्यांत जुना अँड्रॉइड वापरणारे निदान तीन असू द्या. सुतार किंवा फर्निचरचे ठेकेदार दोन-तीन. पन्नाशी ओलांडलेले दोन तरी हवेतच, कारण घराचे निर्णय त्यांच्याशिवाय होत नाहीत. आयटीतले मित्र नकोत. फ्लॅट स्कीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारा, किंवा फर्निचरच्या दुकानदाराशी बोलून त्याच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांना विनंती करा. वेळेचा मोबदला सगळ्यांना द्या. सुताराचा अर्धा दिवस मोडत असेल तर अर्ध्या दिवसाची मजुरी पूर्ण द्या, त्यात घासाघीस करू नये.

एकच माणूस तीन डिव्हाइसवर काम करणार असेल तर क्रम बदलत राहा. पहिल्याला मोबाईल, टॅब, लॅपटॉप. दुसऱ्याला टॅब, लॅपटॉप, मोबाईल. तिसऱ्याला लॅपटॉप, मोबाईल, टॅब. नाहीतर मोबाईलवर शिकलेलं लॅपटॉपवर कामाला येतं, आणि लॅपटॉपची आवृत्तीच सोपी आहे असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

४. कामं अशी द्या की उत्तर फुटणार नाही

सगळ्या चाचणीचा जीव इथे आहे. "फर्निचर जोडा या बटणावर जाऊन सोफा निवडा" असं सांगितलंत तर तुम्ही वाचन तपासलं, ॲप तपासलंच नाही. स्क्रीनवरचे शब्द कामात येऊ देऊ नका. घरात बोलतात तसं सांगा: "तुमच्या हॉलमध्ये दिवाण ठेवायचा आहे, पण कूलरची खिडकी अडायला नको. बघा कुठे बसतो."

या एका कामात बरंच काही उघड होतं. पुष्कळ ॲप्सच्या यादीत दिवाण नसतो, देवघर नसतं, लोखंडी कपाट नसतं आणि कूलर तर नसतोच. माणूस तेव्हा काय करतो ते लक्षपूर्वक बघा. कुणी पलंगालाच दिवाण मानून लहान करायला जातो, कुणी टेबल आणून त्याला कूलर समजतो, कुणी शोधून शोधून दमतो. वस्तूची लांबी-रुंदी बदलायची सोय सापडली का, ही नोंद इथे सोन्याच्या मोलाची.

दुसरं काम मापांचं. टेप हातात द्या आणि खरी भिंत मोजायला लावा. टेपवर १० फूट ५ इंच आलं, ॲपमध्ये मात्र फुटांचा एकच रकाना आहे, तर बरेच जण १०.५ लिहितात. ॲप ते १० फूट ६ इंच समजतं. एका इंचाचा फरक झाला, पण दोन भिंतींमधल्या कपाटाला तेवढा पुरतो. त्याहून वाईट म्हणजे १० फूट ११ इंचाचं १०.११ होणं. ॲपच्या हिशेबाने ते १० फूट सव्वा इंचाच्या आसपास होतं, म्हणजे भिंत साडेनऊ इंचांहून जास्त आखूड झाली, आणि स्क्रीनवर कुणाला काही खटकतही नाही. फूट आणि इंच असे दोन वेगळे रकाने आहेत का, आणि मोबाईलचा कीबोर्ड उघडल्यावर दुसरा रकाना त्याच्याखाली झाकला जातो का, हे प्रत्येक डिव्हाइसवर बघा. सुतारभाऊ तर सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच. "साडेचार फूट तीन सूत" हे माप ॲपमध्ये कसं टाकायचं, हे त्यांनाच करून दाखवायला सांगा.

तिसरं काम जुन्या घराचं. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत भिंती जाड असतात आणि कोपरे नेहमी काटकोनात नसतात. ॲप प्रत्येक कोपरा ९० अंशांचाच धरून चालत असेल तर चौथी भिंत जुळत नाही. नव्या स्कीममध्ये अडचण निराळी: कोपऱ्यातून बाहेर आलेले कॉलम. बिल्डरने दिलेला कार्पेट एरिया बघून खोली आखणारेही भेटतील. रेरा या घरबांधणीच्या कायद्याच्या व्याख्येत आतल्या पार्टिशनच्या भिंतींची जागाही कार्पेट एरियात धरलेली असते, त्यामुळे खोल्यांच्या मापांची बेरीज त्या आकड्याला जुळली नाही तर गोंधळू नका, आणि ॲपला लगेच दोषही देऊ नका.

शेवटी मोडतोडीचं काम हवंच: "हे नको वाटतंय, मघाशी होतं तसं करा." केलेला बदल मागे घ्यायचं बटण मोबाईलवर अनेकदा मेनूच्या आत दडलेलं असतं. ते सापडलं नाही की माणूस प्रयोग करायचं सोडून देतो, आणि प्रयोगच करता येत नसतील तर अशा ॲपचा उपयोग काय?

५. जागा, वेळ आणि ऊन

निदान अर्ध्या चाचण्या लोकांच्या घरी घ्या. उन्हाळ्यात सकाळी आठ ते अकरा किंवा संध्याकाळी सहानंतरची वेळ बरी. कूलर चालू असेल तर रेकॉर्डिंगमध्ये बोलणं ऐकू येत नाही, म्हणून शर्टाला लावायचा साधा माइक जवळ ठेवा. नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, कुणाच्या घरचा कूलर बंद करायला सांगू नये.

दुपारची एक चाचणी मात्र मुद्दाम ठेवा. आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा असं ॲपल सांगतं. आपल्याकडे मे महिन्यात बंद फ्लॅटमध्ये हवा त्याहून तापलेली असते. कॅमेरा चालू, त्यावर त्रिमितीय चित्र चालू, अशा वेळी फोन लवकर तापतो. मग स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं, फोनचा वेग उतरतो. दहाव्या मिनिटाला सोफा अडखळत फिरायला लागला तर तो कोडचा दोष आहे की उष्णतेचा, हे कळायला तीच कामं सकाळच्या गारव्यात त्याच फोनवर परत करून बघा. दोन्ही वेळा अडखळला तर फर्निचरची त्रिमितीय मॉडेल जड आहेत. फक्त दुपारीच अडखळला तर फोन तापला की चित्राचा दर्जा आपोआप कमी करायची सोय हवी.

नेटवर्कचीही परीक्षा घ्या. नव्या स्कीमच्या तळमजल्यावर रेंज कमी-जास्त होते. मेट्रोच्या प्रवासात डिझाइन उघडून बघा. मध्येच नेट गेलं तर केलेलं काम फोनमध्ये राहतं का, आणि ते राहिलं आहे असं ॲप स्पष्ट सांगतं का, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही लिहून घ्या.

६. संमती आणि रेकॉर्डिंग

कॅमेऱ्यात घर येतं, म्हणजे देवघर येतं, भिंतीवरचे फोटो येतात, मध्येच डोकावणारी मुलं येतात. काय रेकॉर्ड होणार, कोण बघणार, किती दिवसांनी पुसणार, हे साध्या मराठीत एका पानावर लिहून वाचून दाखवा आणि सही घ्या. वैयक्तिक माहितीबाबत २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे, त्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. मधूनच थांबायचा हक्क चाचणी देणाऱ्या प्रत्येकाला आहे हेही सांगा, आणि कुणी थांबलं तर मोबदला कापू नका.

स्क्रीन रेकॉर्डिंग अँड्रॉइड ११ पासून फोनमध्येच येतं, आयफोनमध्येही आहे. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये बोट टेकल्याची खूण दाखवायची सोय आहे, ती चालू करा. बोट कुठे टेकलं आणि बटण कुठे होतं हे त्यावरून कळतं. हात दिसावेत म्हणून वरून स्टँडला दुसरा फोन लावा. रेकॉर्डिंगचाही फोनवर भार पडतो, तेव्हा वेग मोजायचा असेल तर रेकॉर्डिंग बंद ठेवून स्टॉपवॉच वापरा.

७. चाचणी घेताना तोंडाला कुलूप

सुरुवातीलाच सांगा की परीक्षा ॲपची आहे, तुमची नाही. मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा अशी विनंती करा. ही मोठ्याने विचार करण्याची पद्धत आयबीएममध्ये क्लेटन लुईस यांनी १९८२ मध्ये या क्षेत्रात आणली, आणि आजही तिच्याइतकं स्वस्त आणि उपयोगी साधन दुसरं नाही. लोक त्यांच्या बोलीत बोलतील, ते तसंच उतरवा. प्रतापनगरातल्या एका काकूंनी सोफा ओढता ओढता म्हटलं, "मी ओढून राहिली, पण हा तर घरच फिरवून राहिला ना बापा!" सोफा हलण्याऐवजी कॅमेरा फिरत होता. "वस्तू आणि दृश्य यांच्या हालचालींत संभ्रम" असं अहवालात लिहिलं असतं तर डेव्हलपरला त्यातलं निम्मंही कळलं नसतं. काकूंचं वाक्य सगळ्यांना एका क्षणात कळलं.

मदत करू नका. "हे दाबू का?" असं विचारलं तर "तुम्हाला काय वाटतं, काय होईल?" एवढंच म्हणा. माणूस अडला तर मनात दहापर्यंत मोजा, मग आणखी दहा. आपल्याकडे पाहुणचार आड येतो: घरी आलेल्याचं मन दुखवू नये म्हणून लोक "छान आहे हो" म्हणतात. त्या शब्दांवर विसंबू नका, हातांकडे बघा. "आवडलं का?" असं विचारण्यापेक्षा "हे डिझाइन घेऊन उद्या सुताराला बोलवाल का?" असं विचारा. उत्तर देताना ते जिथे थांबतात, तिथे खरी माहिती असते.

घरचे भोवती जमतील आणि "अगं, तिथे दाब ना" असं सुरू होईल. एकट्याची चाचणी असेल तर त्यांना प्रेमाने पलीकडे बसवा. पण दोन-तीन चाचण्या मुद्दाम जोडीनेच घ्या: नवरा-बायको, सासू-सून, बाप-लेक. दोघं एकमेकांशी बोलतात तेव्हा मोठ्याने विचार करायला सांगावंच लागत नाही. शिवाय खोलीचा निर्णय तसाही जोडीनेच होतो.

८. बोटं काय करतात ते बघा

डिव्हाइस बदललं की सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लॅपटॉपवर माउस वस्तूवर नेला की तिची माहिती दिसते, कारण कर्सर तिथे थांबू शकतो. टचस्क्रीनवर बोट नुसतं वर धरता येत नाही, त्यामुळे ती माहिती कधीच दिसत नाही. लॅपटॉपवर चाकाने झूम होतं, ट्रॅकपॅडवर दोन बोटांनी कधी झूम होतं तर कधी पान सरकतं, मोबाईलवर दोन बोटांनी झूमही होतं आणि वस्तूही फिरते. प्रत्येक डिव्हाइसवर चार हालचाली वेगवेगळ्या करून घ्या: वस्तू सरकवणं, वस्तू फिरवणं, दृश्य फिरवणं, जवळ-लांब करणं. कोणती करायला गेल्यावर कोणती झाली, हे लिहा.

एक अडचण हमखास भेटते. फर्निचरची यादी स्क्रीनच्या डाव्या कडेला असते. अँड्रॉइड १० पासून आलेल्या जेश्चर नेव्हिगेशनमध्ये कडेवरून आत बोट ओढलं की मागचं पान येतं. माणूस कडेवरची खुर्ची पकडून खोलीत ओढतो आणि ॲप त्याला डिझाइनमधूनच बाहेर नेतं. खाली तीन बटणं ठेवलेल्या फोनवर हे घडत नाही, म्हणून टीमला कळत नाही. दोन्ही सेटिंगवर तेच काम करून घ्या. यादी खालच्या बाजूला आणली की हा प्रश्न बहुतांशी मिटतो.

बटणांचा आकार पट्टीने मोजा. गुगलच्या मार्गदर्शनानुसार ४८ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर, आणि ॲपलच्या मते ४४ पॉइंट. डब्ल्यूसीएजी २.२ या वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या २०२३ च्या मानकात किमान २४ सीएसएस पिक्सेल (वेब पानांचं माप) सांगितले आहेत, तो अगदी तळ समजा. त्याच मानकात रूम डिझाइनसाठी फार मोलाचा नियम आहे: जे ओढून करता येतं, ते न ओढताही करता आलं पाहिजे. हात थरथरणाऱ्या आजोबांना पलंग ओढत नेऊन नेमका भिंतीला टेकवणं जमत नाही. वस्तू निवडा, मग जागेवर टिचकी मारा, किंवा बाणांनी एकेक इंच सरकवा, अशी सोय असेल तर त्यांचंही काम होतं. खरं तर सगळ्यांचंच होतं, कारण मोबाईलवर आपलंच बोट आपल्याच वस्तूला झाकतं.

९. कॅमेऱ्याचं माप टेपशी ताडून बघा

एआरची, म्हणजे कॅमेऱ्यातून खोलीत फर्निचर दाखवायची, सोय दिसायला देखणी असते, म्हणूनच तिची परीक्षा कडक हवी. कॅमेरा जमिनीवरचे ठिपके, रेषा, पोत ओळखून पातळी शोधतो. पॉलिश केलेल्या टाइल्सवर दिव्याचं प्रतिबिंब हलतं, कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर ओळखण्यासारखं काहीच नसतं, कमी उजेडात चित्रच धूसर येतं. नव्या फ्लॅटमध्ये नेमक्या याच तिन्ही गोष्टी एकत्र भेटतात. काही आयफोन प्रो आणि आयपॅड प्रोमध्ये प्रकाशाने अंतर मोजणारा लायडार सेन्सर असतो, त्यांना हे सोपं जातं. बाकीच्यांना जात नाही.

चाचणी अशी करा. घरात खरा पलंग असेल तर त्याचं माप टेपने घ्या, समजा ५ बाय साडेसहा फूट. ॲपमध्ये त्याच मापाचा पलंग घेऊन कॅमेऱ्यातून खऱ्या पलंगाच्या शेजारी ठेवायला सांगा. दोन्हींच्या लांबीतला फरक इंचांत लिहा. फोन घेऊन खोलीला एक चक्कर मारायला सांगा आणि परत आल्यावर पलंग जागेवर आहे की सरकला ते बघा. मग जमिनीवर सतरंजी अंथरून तेच परत करा. सतरंजीवर बरोबर येत असेल आणि टाइल्सवर चुकत असेल, तर ॲपने वापरणाऱ्याला तसं सांगायला हवं. "जमीन ओळखता आली नाही" या संदेशाने कुणाचं भलं होत नाही. "उजेड वाढवा किंवा खाली चादर टाकून बघा" असं म्हटलं तर तो माणूस उठून चादर आणतो.

१०. हातातून हातात

आता मोबाईलवर केलेलं डिझाइन लॅपटॉपवर उघडायला सांगा, पण कसं ते सांगू नका. काही जण लिंक स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवतात, काही लॉगिन करतात, काही स्क्रीनचा फोटो काढतात. लॅपटॉपवर उघडल्यावर मापं तीच आहेत का, एकक फुटांचं मीटर झालं का, शेवटचे बदल आले का, हे एकेक करून तपासा. दोघांनी दोन डिव्हाइसवर एकाच वेळी बदल केले तर कुणाचे टिकतात? हरलेल्याला ते कळतं का?

मग शेवटचा टप्पा: "हे सुतारभाऊंना पाठवा." इथे अनेक ॲप्स ढेपाळतात. रंगीत त्रिमितीय चित्र जातं, त्यावर आकडे नसतात. असले तरी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून गेले की चित्र आकुंचन पावतं आणि बारीक आकडे पुसट होतात. तेच पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर शाबूत राहतं. ॲपच्या शेअर बटणाने नेमकं काय जातं ते पाठवणाऱ्याच्या फोनवर बघू नका, सुताराच्या फोनवर बघा. त्यांना तीन प्रश्न विचारा: वॉर्डरोबची उंची किती? हे माप भिंतीपासून आहे की खिडकीच्या चौकटीपासून? ८ बाय ४ च्या प्लायच्या शीट किती लागतील? पहिल्या दोहोंची उत्तरं चित्रातच मिळायला हवीत. तिसऱ्याचं उत्तर ते मनात हिशेब करून देतील, पण त्यासाठी लागणारा प्रत्येक आकडा तिथे आहे की नाही, ते त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सांगतात.

११. आकडे आणि अडचणींची प्रतवारी

प्रत्येक कामाला चार नोंदी पुरतात: झालं, अर्धवट झालं की नाही झालं; किती वेळ लागला; किती वेळा चुकीच्या वाटेला गेले; आणि काम संपल्याबरोबर विचारलेला "हे किती सोपं वाटलं?" हा एक प्रश्न, एक ते सात गुणांत. सगळं झाल्यावर एसयूएस ही दहा विधानांची, प्रत्येकाला १ ते ५ मध्ये उत्तर द्यायची प्रश्नावली भरून घ्या. जॉन ब्रुक यांनी ती १९८६ मध्ये तयार केली. विषम क्रमांकाच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम क्रमांकाचं उत्तर ५ मधून वजा करायचं, बेरजेला २.५ ने गुणायचं. १०० पैकी ६८ ही सरासरी मानतात. हा आकडा टक्के नव्हे, आणि आठ माणसांवरून तो छातीठोकपणे सांगूही नये. मोबाईल आणि लॅपटॉप यांच्यात दरी किती आहे एवढं समजण्यापुरता वापरा.

खरं काम एका तक्त्यात आहे. उभ्या बाजूला अडचणी, आडव्या बाजूला डिव्हाइस. प्रत्येक चौकटीत ती अडचण किती जणांना आली. सगळ्या रकान्यांत दिसणारी अडचण मूळ रचनेतली, एकाच रकान्यात दिसणारी त्या डिव्हाइसची. मग गांभीर्य ठरवा, ० ते ४, ४ म्हणजे सर्वांत गंभीर. माझा आग्रह असा की चुकीचं माप गुपचूप पुढे जाऊ देणारी कोणतीही अडचण थेट ४ वर ठेवा, ती एकालाच आली असली तरी. बटण न सापडल्याने वैताग येतो. चुकीच्या मापाने घरच्यांचे पैसे जातात.

१२. दुरुस्ती आणि पुढची फेरी

अहवाल दोन-तीन पानांचा करा आणि त्यासोबत अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या क्लिप दाखवा. संमती दिली आहे त्यांच्याच. डेव्हलपरला निदान एका चाचणीला सोबत न्या. वाचून न पटलेली गोष्ट तिथे बसून पटते.

दुरुस्तीनंतरच्या फेरीला घरची माणसं नवी घ्या, नाहीतर आधीचं शिकलेलं मोजलं जाईल. कामं तीच ठेवा, जुना भरलेला फोनही तोच ठेवा. सुतारभाऊ मात्र तेच चालतील, कारण सुधारलेला आराखडा आधीच्यापेक्षा बरा आहे का हे त्यांच्याइतकं नेमकं दुसरं कोणी सांगू शकत नाही. आणि अँड्रॉइड किंवा आयओएसची मोठी आवृत्ती आली, की बोटांची चार कामं आणि टेपशी ताडायचं काम, एवढी तरी प्रत्येक डिव्हाइसवर परत करून घ्या.